काडतुसाच्या कडेवरची खूण

एकदा एका तालुक्याच्या गावी, टेकडीच्या पायथ्याला असलेल्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, एक बाई सकाळीच येऊन थांबल्या होत्या. खांद्याला रायफलीची पिशवी होती आणि हातात बिस्किटांचा जुना डबा. डब्यात एकोणीस काडतुसे होती. एकोणीसही न उडालेली.

बाईंचे नाव कुमुद बर्गे. शाळेत भूगोल शिकवीत, वय चौपन्न. त्यांचे यजमान श्रीरंगराव जिल्ह्यातले नावाजलेले नेमबाज होते. तीन वर्षांपूर्वी आजाराने गेले. मूलबाळ नव्हते. नातेवाइकांनी रायफल विकून टाकायला सांगितले, पण बाईंनी ऐकले नाही. वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवून परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि पूर्वी यजमानांबरोबर येत तशा दर रविवारी त्या आता एकट्याच चांदमारीवर येऊ लागल्या. आठवड्यातले सहा दिवस शाळेत मुलांचा गोंगाट असे, पण घरी परतल्यावर भांड्याला भांडे लागल्याचा आवाजही मोठा वाटे. रविवारी मात्र त्या ज्या जागी पालथे पडून नेम धरीत, तिथेच बावीस वर्षे श्रीरंगराव पडत असत. तेवढा एक तास घर त्यांच्या अंगावर येत नसे.

रायफल लहान काडतुसाची होती, पॉइंट टू-टूची. एकदा चाप ओढला की बार उडतो, आतला बोल्ट आपोआप मागे सरतो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढचे काडतूस नळीत ढकलतो. नेमबाजाने फक्त नेम धरायचा. पण या हिवाळ्यात रायफल दगा देऊ लागली. चाप ओढावा, आत खट्ट व्हावे आणि पुढे काहीच घडू नये. जिल्ह्याच्या स्पर्धेत चाळीस बारांपैकी चार असेच गेले. श्रीरंगरावांच्या नावाने ठेवलेला चषक त्याच स्पर्धेत होता. तो एका परगावच्या मुलीने नेला.

त्या आठवड्यात नेमबाजांच्या क्लबची सभा होती. एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या कुमुदबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्र्यंबकशेट आपल्याला जुना, सादळलेला माल विकतात. माझ्याकडे पुरावा आहे."

त्र्यंबकशेट कासार हे गावातले काडतुसांचे एकमेव परवानाधारक व्यापारी. सत्तरीचे, मितभाषी. सभेला ते आले नव्हते. सभासदांनी मान डोलावली, सेक्रेटरींनी टिपून घेतले, आणि त्या दिवसापासून क्लबची खरेदी शहरातून होऊ लागली. शेटजींच्या दुकानासमोरच्या बाकावर संध्याकाळी चार माणसे टेकत असत, तीही येईनाशी झाली. कुमुदबाई शाळेतून घरी जाताना त्याच रस्त्याने जात. दुकानात दिवा लागलेला दिसे, शेटजी दिसत, बाक रिकामा दिसे. बाई नजर पुढे ठेवून चालत.

आता तक्रार वर पाठवायची होती. त्यासाठी जाणकाराचे लेखी मत हवे होते. म्हणून आज त्या शेलार उस्तादांकडे आल्या होत्या.

शेलार उस्तादांनी फौजेत तीस वर्षे हत्यारे दुरुस्त करण्यात घालवली होती. आता चांदमारीच्या कडेला असलेल्या एका खोलीत ते एकटेच राहत आणि रोज सकाळी पडलेली टरफले झाडून गोळा करीत. गावातले सगळे नेमबाज त्यांचे शिष्य. कुमुदबाईंना पहिला चाप ओढायला त्यांनीच शिकवले होते.

बाईंनी डबा आणि एक कोरा कागद पुढे केला. "उस्ताद, एवढं लिहून द्या, की माल खराब आहे."

उस्तादांनी कागद घेतला नाही. त्यांनी डबा घेतला, उन्हात चटईवर बसले आणि डोळ्याला भिंग लावून एकेक काडतूस फिरवून पाहू लागले. बराच वेळ गेला. मग ते उठले, क्लबची जुनी रायफल आणली. ती हाताने बोल्ट ओढून एकेक काडतूस भरायची होती. त्यांनी लक्ष्याकडे तोंड करून बाईंच्या डब्यातले पहिले काडतूस तिच्यात घातले. घालताना ते थोडे फिरवून घातले.

"अहो उस्ताद, काय करताय? तो पुरावा आहे माझा!"

उस्तादांनी चाप ओढला. बार उडाला.

दुसरे घातले. तेही उडाले. तिसरे, चौथे. टेकडीवरून प्रत्येक बाराचा आवाज परत येत होता. बाई आधी संतापल्या, मग बोटांवर मोजू लागल्या. अठरा काडतुसे उडाली. एकोणिसावे उडाले नाही. बार उशिरानेही उडू शकतो, म्हणून उस्ताद रायफल तशीच लक्ष्याकडे रोखून स्तब्ध राहिले. ओठ हलत होते. तीसपर्यंत मोजून झाल्यावर त्यांनी बोल्ट ओढला आणि ते काडतूस बाईंच्या तळहातावर ठेवले.

"हे खरोखर मेलेलं आहे. शेटजींच्या मालात एवढं एक निघालं."

"पण मग माझ्या रायफलीत..."

"तुमची काढा. शहरातून आणलेल्या नव्या पेटीतली दहा भरा."

बाई पालथ्या झाल्या. हवेत गारठा होता, बोटे आखडत होती. पहिले तीन बार उडाले. चौथ्याला खट्ट झाले आणि पुढे काही नाही. थांबून त्यांनी ते काडतूस बाहेर काढले. आठव्यालाही तेच. उस्तादांनी ती दोन काडतुसे उचलली आणि भिंगासकट बाईंच्या हाती दिली.

"कड बघा. आणि आता हे बघा." त्यांनी जुन्या रायफलीतून पडलेले एक टरफल दिले.

टरफलाच्या कडेवर ठसठशीत खोल खाच होती. काडतुसांच्या कडेवर मात्र नखाने ओरखडा काढावा एवढीच पुसट खूण.

"ताई, हे न उडणं सकाळी जास्त होतं की दुपारी?"

बाईंनी आठवून पाहिले. "सकाळी. दुपारच्या सरावाला क्वचितच. स्पर्धाही सकाळीच होती."

"ऊन चढलं की बरं चालतं. म्हणजे आत काहीतरी थिजतंय." उस्तादांनी रायफलीकडे बोट केले. "बोल्ट शेवटचा उघडून पुसला कधी?"

कुमुदबाई रायफलीच्या लाकडावरून हात फिरवीत राहिल्या.

"नळीत फडकं फिरवते मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नळीचं नाही विचारलं."

"बोल्ट ह्यांनी पुसला होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसले होते. हात थरथरत होते, तरी मला लावू दिला नाही. तेल घातलं, पुन्हा बसवलं, म्हणाले, आलो की सरावाला जाऊ." त्यांनी रायफल मांडीवर ओढून घेतली. "त्यानंतर मी तो उघडलाच नाही. त्यांचं शेवटचं काम आहे ते."

उस्तादांनी मान खाली घातली. ते बोलू लागले, तेव्हा त्यांचा स्वर शिकवतानाचाच होता, पण फार संथ.

"ताई, या लहान काडतुसात ठिणगीची दारू मध्यभागी नसते, कडेच्या आत लिंपलेली असते. बोल्टमधली पिन त्या कडेवर आपटते आणि कड चेपली की ठिणगी पडते. म्हणून काडतूस उडालं नाही की आधी कड पाहायची. खूण खोल आहे आणि तरी आवाज नाही, तर त्या जागी दारू पोहोचलेली नसते. तो दोष काडतुसाचा. खूण उथळ आहे, तर वारच पुरा बसलेला नसतो. तो दोष मागचा. तुमच्या अठरांवर उथळ खूण होती. ती मी फिरवून घातली, कडेला कोऱ्या जागी पुरेसा धक्का मिळाला आणि ती लगेच बोलली. तुमच्या रायफलीत प्रत्येक बाराचा धूर आणि गोळीवरचं मेण मागे येतं, आणि तिथे तीन वर्षांचं तेल वाट पाहत बसलेलं आहे. चांगलं तेल होतं ते. पण न पुसलेल्या तेलाचा डिंक होतो. थंडीत तो पिनेला धरून ठेवतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. उस्तादांनी तिकडे पाहिले नाही. ते टेकडीकडे पाहत होते.

"श्रीरंगराव दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे बसून हा बोल्ट उघडायचे. मी बावीस वर्षं पाहिलं आहे. तुम्ही त्यांचं तेल जपलंत, ताई. त्यांची सवय जपली नाहीत. आणि रायफल मुकी झाली तेव्हा तुम्हाला वाटलं, समोरचा फुसका आहे. त्यांच्या हातच्या कामात दोष असेल हे मनात आणणं जड गेलं असतं, म्हणून तो शेटजींवर गेला. हे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. मीही माझ्या घरी असाच दोष दुसऱ्यावर टाकून बसलो आहे. माझ्याकडे उघडून पाहायला आता कुणी उरलं नाही, एवढंच."

हे शेवटचे वाक्य ते इतक्या सहज बोलले, की बाईंना ते कळायला एक क्षण लागला. पंधरा वर्षे त्या या माणसाकडे शिकत होत्या. या खोलीत पूर्वी आणखी कोण राहत होते, हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

"उस्ताद," त्या म्हणाल्या, "मला फडकं द्या."

रायफल रिकामी असल्याची त्यांनी दोनदा खात्री केली आणि चटईवर बसून बोल्ट बाहेर काढला. हात शिकवलेले होते. पिनेच्या खाचेत मधासारखे घट्ट, काळे काहीतरी साचले होते. पहिल्यांदा फडके लावताना त्या थबकल्या. उस्तादांनी घाई केली नाही. मग बाईंनी डोळे पुसले आणि पिनेची खाच पुसली. काळे फडके त्यांनी घडी करून बाजूला ठेवले. दुसरे घेतले, तिसरे घेतले. शेवटचे फडके पांढरे बाहेर आले. एक थेंब नवे तेल घातले. बसवताना स्प्रिंग निसटली, तेव्हा उस्तादांनी बोटाने दाबून धरली.

त्या थंडीतच बाईंनी शेटजींकडून पूर्वी आणलेल्या पेटीतली पन्नास काडतुसे भरून उडवली. पन्नासही उडाली. प्रत्येक आवाजाबरोबर त्यांना हायसे वाटायला हवे होते. पण प्रत्येक आवाजाबरोबर त्यांना तो रिकामा बाक दिसत होता.

"सभेत बोलले मी ते," त्या म्हणाल्या. "आता एकटीने जाऊन माफी मागणं सोपं आहे."

"हो. ते सोपं आहे," उस्ताद म्हणाले, आणि टरफले झाडायला उठले.

पुढच्या सभेत कुमुदबाई दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या. रायफल घाण होती, माल चांगला होता, चूक आपली होती, असे त्यांनी तीन वाक्यांत सांगितले. त्यांना वाटले होते, लोक काही विचारतील. कुणी विचारले नाही. ज्यांनी त्या दिवशी मान डोलावली होती, ते आता नखे पाहत होते. एक सभासद पुटपुटला, "तरी पण, धूर होता म्हणजे कुठेतरी आग असेलच." सेक्रेटरींनी शहरातल्या दुकानाशी वर्षाचा करार झाल्याचे सांगितले आणि पुढचा विषय घेतला. सभा संपल्यावर बाईंबरोबर जिना उतरायला कुणी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या दुकानात गेल्या. त्र्यंबकशेट कुलपांना तेल देत होते. त्यांनी वर पाहिले, पण बसा म्हणाले नाहीत.

"शेटजी, मी काल सभेत..."

"कळलं मला. सेक्रेटरींचा फोन आला होता." कुलूप त्यांनी फिरवून पाहिले. "एकेचाळीस वर्षं मी माल विकला. कुणी येऊन म्हणालं असतं, शेटजी, हे उडत नाही, तर मी पेटी बदलून दिली असती. रायफलही बघितली असती. तुम्ही रोज याच रस्त्याने जाता."

"हो."

"रोज दिसायचात."

बाईंनी दारातून समोरच्या बाकाकडे पाहिले. शेटजी म्हणाले, "परवाना परत करतोय मी. मार्चमध्ये मुदत संपते. तुमच्यामुळेच असं नाही, वयही झालं. पण अजून दोन वर्षं चालवणार होतो."

"चुकले मी, शेटजी."

"चुकलात," शेटजी म्हणाले. त्यात राग नव्हता आणि दिलासाही नव्हता.

बाई वळल्या. पायरी उतरल्या. घरी जायला पाऊल उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. समोरच्या बाकावरची धूळ त्यांनी पदराने झटकली आणि तिथे बसल्या. बाजार भरात होता. शाळेतली मुले, मुलांचे पालक, क्लबमधली दोन माणसे येता-जाता पाहत होती. नमस्कार करावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते. बाई नजर खाली न घालता बसून राहिल्या. दिवेलागण झाली तरी उठल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने दुकानातून शेटजींचा आवाज आला. "बाई, थंडी आहे. आत येऊन बसा."

"इथेच बसते," कुमुदबाई म्हणाल्या. "इथे दिसते मी सगळ्यांना."

शेटजींनी गल्ल्यामागची खुर्ची उचलून बाहेर आणली, बाकाशेजारी ठेवली आणि तेही रस्त्याकडे तोंड करून बसले.

दुसऱ्याला फुसके ठरवायला एक सभा पुरते. ते मागे घ्यायला मात्र कधी कधी रोज संध्याकाळी येऊन बसावे लागते. त्या मार्चपर्यंत कुमुदबाई रोज बसल्या.