मधोमध दोन झाडं

पूर्वी शूर्पारकात महाकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या बंदरात रोपांचा व्यापारी होऊन जन्मला होता. आंबा, फणस, नारळ, ज्याला जे हवं ते त्याच्याकडे मिळे. अमर करणारं झाड तेवढं मिळत नसे, आणि राजाला नेमकं तेच हवं होतं.

झालं असं, की अझर्या नावाच्या पश्चिमेकडच्या म्हाताऱ्या खलाशाने राजाला आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. देवाने एक बाग लावली. तिच्या मधोमध एक जीवनाचं झाड आणि एक बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचं. माणसाने या दुसऱ्याचं फळ खाल्लं आणि तो बागेबाहेर गेला.

राजाने गोष्टीतलं तेवढं जीवनाचं झाड उचललं. "वाट सांग," म्हणाला.

"वाट ठाऊक असती तर जन्मभर दोर ओढत राहिलो असतो का?" अझर्या म्हणाला.

राजाने त्याला बेड्या घातल्या. उद्याच्या भरतीपर्यंत वाट सांगितली नाही, तर त्याला समुद्रात बुडवायचं ठरलं.

हे कळताच बोधिसत्त्व बागेत बसलेल्या राजाकडे धावला. अझर्या तिथेच भिंतीशी जखडलेला होता.

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाला, "बागेला मध्य किती असतात?"

"एकच."

"मग त्या एका जागी दोन बुंधे कसे मावले?"

राजा विचारात पडला. बोधिसत्त्वाला वाटलं, पडला एकदाचा उजेड.

"शेजारी शेजारी लावले असतील," राजा म्हणाला. "जवळजवळ लावलेली झाडं नीट वाढतात का हो, श्रेष्ठी?"

बोधिसत्त्वाने कपाळाला हात लावला. मग पुन्हा समजावलं. झाड एकच आहे आणि ते आपल्याच जाणिवेच्या मधोमध उभं आहे. हे चांगलं, ते वाईट, असं तोडत बसलं की ते ज्ञानाचं. न तोडता पाहिलं की तेच जीवनाचं.

राजाने समजल्यासारखी मान डोलावली. "त्याचं कलम होईल?"

पालथ्या घड्यावर पाणी. उठावं आणि सरळ दुकान गाठावं, असं बोधिसत्त्वाच्या मनात आलं. पण भिंतीशी अझर्या होता. म्हणून बोधिसत्त्व बसून राहिला.

"बरं. ऊन भिंतीआड जाईपर्यंत नुसतं पाहा. कशालाही बरंवाईट म्हणू नका."

"एवढंच? सोपं आहे. हा माळी मात्र आळशी दिसतो."

"महाराज."

"आणि या जांभळाला चव नाही."

"महाराज, बऱ्यावाईटाचं एक फळ तोंडातून सुटत नाही आणि दुसरं मागताय."

अझर्याला हसू फुटलं. राजा गर्रकन वळला. "हसतोय बघा, लबा—"

शब्द ओठांवरच थांबला. राजाने तो गिळला आणि प्रथमच काही न म्हणता पाहत राहिला. बेडीखाली म्हाताऱ्याचा घोटा सुजून काळानिळा झाला होता. घोटा कालही तिथेच होता.

"बेडी काढा याची," राजा हळूच म्हणाला.

"झाड दिसलं का, महाराज?"

"झाडाचं राहू दे, श्रेष्ठी. आधी याच्या पायाला तेल आणा."

ही कथा सांगून तथागतांनी ओळख पटवली. तेव्हाचा राजा म्हणजे रोज एकच प्रश्न विचारणारा हा भिक्षू संघिल. अझर्या म्हणजे त्याला हसणारा स्थविर नंदघोष. आणि रोपांचा व्यापारी तो मीच.

संघिलाने हात जोडले. "भंते, सगळं कळलं. फक्त ते झाड कुठल्या देशात आहे?"

तथागतांनी क्षणभर डोळे मिटले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या सोशिकपणाला क्षांती म्हणतात.