सगळं वाढो

ऐका अन्नपूर्णाबाई, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. अक्षता मुठीत घट्ट धरा आणि मागची कुजबुज थांबवा. मला सगळं ऐकू येतं.

आटपाट नगर होतं, असं माझी सासू सांगायची. तिथं धोंडशेट नावाचा वाणी होता, त्याची बायको वेणूबाई. घरात काय नव्हतं? कोठीत तांदूळ, रांजणात तेल, हातभर बांगड्या, सुंदरासारखी गुणाची सून. पण वेणूबाईला सुख म्हणून नव्हतं. एक कोठी भरली की म्हणे, दुसरी हवी. दुसरी भरली की म्हणे, हिच्यावर कुणाचा तरी डोळा आहे. मग कुलूप लावी, मग कुलूप ओढून पाही, मग किल्ली कमरेला खोचून सुनेकडे बघत बसे.

शेजारी भागी कोष्टीण राहायची. एक माग, एक चूल, अंगावर एकच धड लुगडं. पण दिवेलागणीला तिच्या घरातून हसू ऐकू येई आणि इकडे वेणूबाईच्या जिवाची तगमग होई. "मेली हसते कशावर? नक्की काहीतरी पुरून ठेवलंय." मग मीठ मागायच्या निमित्तानं गेली, चुलीमागं पाहिलं. काही नाही. मग विस्तव मागायला गेली, मागाखाली पाहिलं. काही नाही. मग सरळच विचारलं, "भागे, खरं सांग, तू कसला वसा वसतेस?"

भागी म्हणाली, "वेणूताई, श्रावणातल्या शुक्रवारी दारी येईल त्या भुकेल्याला जेवू घालते. त्यानं पुरे म्हटलं की मग आम्ही बसतो. दुसरं काही नाही हो."

"एवढंच?" वेणूबाईला पटलं नाही. तुमच्यातल्याही काहीजणींना पटलेलं नाही, तोंडावरून दिसतंय.

शुक्रवार आला. वेणूबाईनं भिंतीला कान लावला. पलीकडे एक म्हातारी आली. पाट सरकला. म्हातारी म्हणाली, "वाढ, बाई, वाढ." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "वाढ, बाई, वाढ." वेणूबाईच्या अंगावर काटा आला. "सापडलं! म्हातारी आशीर्वाद देते, आणि ही सटवी गुपचूप वाढते!"

पुढच्या शुक्रवारी तिनं म्हातारी वाटेतच गाठली आणि घरी आणली. आधी कोठीला कुलूप लावलं, मग पाट उंबऱ्याबाहेर मांडला, मग म्हातारीचं बोचकं चाचपून पाहिलं. त्यात एक वाटी तेवढी होती. म्हातारी पाटावर बसली, म्हणाली, "वाढ, बाई."

"नुसतं वाढ मला नको," वेणूबाई म्हणाली. "माझ्या घरातलं सगळं वाढो, असं म्हणा."

म्हातारीनं वर पाहिलं. "सगळं?"

"सगळं."

"एखादी वस्तू वगळूया का?"

"वगळायला का सांगता? काय आहे तुमच्या मनात?"

"पुन्हा एकदा विचार कर, बाई."

"झालाय विचार. म्हणा तुम्ही."

"बरं तर. सगळं वाढो." म्हातारी उठली, रिकाम्या ताटाला हात जोडले आणि चालू लागली. वेणूबाईला बरंच वाटलं. भात वाचला.

दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली देऊन सुंदराला कोठीत धाडलं. सुंदरा खाली मान घालून आली. "सासूबाई, तांदूळ वाढले." वेणूबाई टाळी वाजवून धावली. पाहते तो कोठीत दाणा नाही! आता मला सांगा बायांनो, आपल्यात कुणी संपलं म्हणतं का? अभद्र बोलायचं नाही, म्हणून आपण वाढलं म्हणतो. वेणूबाईही जन्मभर तसंच म्हणत आली होती. मागताना मात्र विसरली.

"तूच माहेरी धाडलेस!" म्हणून तिनं सुनेच्या पेटीची झडती घेतली. सुंदरा कोपऱ्यात उभी राहून रडली. सांजेला सुंदरा म्हणाली, "सासूबाई, दिवा वाढला." रांजणात तेलाचा थेंब नव्हता. त्याचा आळ भागीवर आला. मग वेणूबाईचाच हात दाराच्या कडीला लागला आणि बांगड्या वाढल्या. आता संशय घ्यायला माणूस उरलं नाही.

तशात धोंडशेट तापानं अंथरुणाला खिळला. वेणूबाई उशाशी बसली होती, तो गळ्यातल्या मंगळसूत्राचा दोरा विरला आणि एक काळा मणी टपकन खाली पडला. सुंदराचे ओठ हलले. वेणूबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. "नको ग! तो शब्द काढू नकोस! मी सगळं म्हटलं, सगळ्यात हेही आलं!" आणि ती धाय मोकलून रडली.

तशीच गळ्याशी दोरा धरून भागीकडे धावली. "भागे, म्हातारीनं तुला वाढ म्हटलं, तुझं भलं झालं. मला म्हटलं, माझं कुंकू पुसायची वेळ आली! काय शिकवून ठेवलं होतंस तिला?"

 भागीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो वेणूताई, ती जेवायला बसली होती! भूक लागली होती तिला. वाढ म्हणजे ताटात वाढ!"

 आणि तिनं पसाभर तांदूळ वेणूबाईच्या पदरात घातले.

"हे का देतेस?"

"झालं, पुन्हा सुरू! न्या हो. भावोजी उपाशी आहेत."

भात शिजतो न शिजतो तो म्हातारी दारात उभी. या वेळी पाट आत मांडला. म्हातारी म्हणाली, "वाढ, बाई." वेणूबाईनं एका हातानं वाढलं, दुसरा गळ्याशीच. मग म्हातारी म्हणाली, "वाढ, बाई." मग वाढलं. भांड्यात नवऱ्यापुरता भात उरला. आतून तो कण्हत होता. म्हातारी म्हणाली, "वाढ, बाई."

वेणूबाईच्या मनात आलं, ही देवी आहे की नुसती हावरट थेरडी? आणि भात तर तळाला धरलेला, भांडं दोन्ही हातांनी कलतं केल्याशिवाय निघेना. तिनं आत पाहिलं. डोळे मिटले. दोरा सोडला आणि वाढलं.

दोरा तुटला नाही. म्हातारी म्हणाली, "पुरे."

म्हातारी गेली आणि आतून धोंडशेटची हाक आली, "अग, भूक लागलीय." ताप उतरला होता. भांडं पुन्हा भरलं का? तुम्हाला भरलेलं हवं, ठाऊक आहे मला. तळाला खरवड होती. वेणूबाईनं ती नवऱ्याला दिली, सुनेला दिली, उरली ती आपण खाल्ली. नवरा म्हणाला, "पुरे." सून म्हणाली, "पुरे." वेणूबाईनं तोंड उघडलं, तर शब्द जिभेवर बसेना, जन्मात कधी म्हटला नव्हता. मग म्हणाली, "पुरे बाई, पुरे!" आणि तिला हसू फुटलं. सून हसली. अंथरुणावरचा नवराही हसला.

पलीकडून भागीनं भिंत थोपटली. "काय हो वेणूताई, हसताय कशावर? काही पुरून ठेवलंय वाटतं?"

मग सुंदरानं मणी नव्या दोऱ्यात ओवले. कोठी पुढं हळूहळू भरली. वेणूबाईनं वसा घेतला, उतली नाही, मातली नाही.

जशी अन्नपूर्णा वेणूबाईला उशिरा पावली, तशी तुम्हां आम्हां वेळेवर पावो. साठा उत्तरांची कहाणी पाचात आटोपली, सुफळ म्हणा, संपूर्ण म्हणा, अक्षता वाहा, आणि पुरे म्हणा. मोठ्यानं म्हणा ग. मला अजून ऐकू आलं नाही.