मन दान केलेल्याचे कन्यादान

धुंडिराजशास्त्री अखेर केरोबा महाराजांच्या पायांवर पडले. पण हे आपण ऐकलेच नाही असे समजू. कारण तूर्त शास्त्रीबुवांची मान ताठ आहे.

महाराजांचा मुक्काम तेव्हा तांबुळगावी होता. तिथल्या सटवाजी कुंभाराने भाबडेपणाने, ताम्हनात पळीभर पाणी सोडून, आपले मन महाराजांना दान केले होते. ते लेकीच्या लग्नात त्याच्या अंगाशी आले. कन्यादानाचा संकल्प सांगता सांगता शास्त्रीबुवा थबकले.

"सटवाजी, संकल्पाला मन लागतं. तुझं तर तू देऊन बसलास! उरला देह, म्हणजे नुसता अंगरखा. अंगरखा कन्यादान करतो काय रे?"

वऱ्हाडी खो खो हसले. व्याही तर बैल जुंपायला उठले. घंगाळातली घटिकेची वाटी बुडायला आली होती. ती बुडली की मुहूर्त गेला. लेक हौसा बापाकडे बघत होती. सटवाजीने मनोमन महाराजांचा धावा केला.

तोच महाराज मांडवात आले.

"शास्त्रीबुवा, मन वेगळं, देह वेगळा?"

"सर्वस्वी!"

"बरं," महाराज म्हणाले.

आणि काय नवल! शास्त्रीबुवांचा देह मुकाट्याने उठला, लाडवांच्या परातीपाशी बसला आणि खाऊ लागला. "अरे थांब! माझा शनिवारचा उपास आहे!" हा आवाज मात्र कलशावरच्या नारळातून आला. देह कसला थांबतो! अकराव्या लाडवाला नारळ कण्हला, "मेलो! पोट दुखतंय!"

"पोट तर तिकडे आहे," महाराज म्हणाले. "अंगरख्याच्या दुखण्याचं तुम्हांला काय?"

नारळ पुन्हा कण्हला. शेवटी सटवाजीलाच राहवेना. "महाराज, सोडा त्यांना. लई तरास होतोय बामनाला."

"बघा शास्त्रीबुवा! तुमचं पोट दुखतंय आणि कळवळा ह्याला येतोय. मन नसताना?" महाराज हसले. "सटवाजी, तुझं मन आम्ही घेतलं आणि तुझ्याच देहात ठेवलं. आमच्याकडे दुसरी जागा कुठे आहे, बाबा?"

शास्त्रीबुवा भानावर आले ते पोट धरूनच. वाटी काठोकाठ भरली होती, तरी तरंगत होती! सटवाजीने हौसाचा हात जावयाच्या हाती दिला आणि सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला. व्याह्यांनी बैल सोडले. शास्त्रीबुवांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, मग सटवाजीपुढेही वाकले. पोटामुळे जरा हळू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवापुढे लेखी अर्ज ठेवला: "सदर अकरा लाडू अर्जदाराच्या देहाने मनाच्या गैरहजेरीत खाल्ले असल्याकारणाने, अर्जदाराचा शनिवारचा उपवास अखंड धरण्यात यावा, ही नम्र विनंती."