फाळांची कढई

फार पूर्वी, गावाचे पाणी गावानेच पाट काढून आणायचे आणि गावानेच राखायचे, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथल्या लोहाराने नांगरांचे झिजलेले पोलादी फाळ तापवून, ठोकून, एकमेकांत सांधून एक भली मोठी कढई घडवली. गावकीचे काम निघाले की उघड्यावर तीन दगड मांडायचे, त्यावर कढई चढवायची आणि शंभर माणसांचे पिठले शिजवायचे.

कढई सांभाळायचे काम कोंडाबाईकडे होते. जेवणे उरकली की ती कढई कढत पाण्याने धुई, जाळावर ठेवून कोरडी करी आणि गरम असतानाच तिच्यावर जवसाच्या तेलाचा बोळा फिरवी. वर्षानुवर्षांच्या तेलाने कढई काळीभोर झाली होती. तिला अन्न कधी चिकटत नसे.

कोंडाबाई थकली आणि लेकीच्या गावी राहायला गेली. जाताना तिने कढई गावातल्याच तान्हुबाईच्या स्वाधीन केली. "हिचं काळेपण राहू दे, बाई. तो मळ नाही," एवढेच ती म्हणाली.

तान्हुबाई कष्टाळू होती. तिच्या घरची पितळी भांडी नेहमी लखलखत. गावाची कढई अशी काळी ठेवणे तिला कमीपणाचे वाटले. चिंच, राख आणि वाळू घेऊन ती दोन दिवस खपली. बोटे सोलवटली, पण कढई रुप्यासारखी चकाकली. येणारे-जाणारे वाखाणू लागले. मग ती रोजच कढई घासू लागली. काठाला तांबूस डाग दिसले की आणखी जोराने घासायची.

त्या हिवाळ्यात पाट फुटला. गहू ओंबीवर आला होता, त्यामुळे भगदाड त्याच दिवशी बुजवायला हवे होते. शेजारच्या गावचे चाळीस गडी मदतीला आले. दुपारी तान्हुबाईने पिठले केले. ते बुडाला लागले, करपले, त्यात गंजाची चव उतरली. गड्यांनी एकेक घास घेतला आणि पाने सरकवली.

"उपाशीपोटी दगड उचलवत नाहीत, वहिनी," त्यांच्यातला एक म्हणाला, आणि सगळे निघून गेले.

उरलेल्या गावकऱ्यांच्या हातून भगदाड अर्धेच बुजले. पाणी ओढ्याला गेले आणि खालच्या अंगाचा सगळा गहू वाळला.

तान्हुबाई कोंडाबाईच्या लेकीच्या गावी गेली. "मी त्या कढईसाठी एवढी राबले. माझं चुकलं कुठं?"

"तू पितळेसाठी राबावं तशी राबलीस," कोंडाबाई म्हणाली. "ते पोलाद आहे. त्याच्या अंगावर तेल हवं, नाहीतर ते गंजतं."

"मग आता कढई वाया गेली का?"

"नाही. गंज काढ. तापव, तेलाचा पातळ हात दे, धूर विरेपर्यंत जाळ घाल. निवली की पुन्हा तसंच कर. किती वेळा, ते विचारू नकोस. काळी झाली की पुरे."

तान्हुबाईने चार दिवस चूल सोडली नाही. पाचव्या दिवशी तिने कढईत पिठले केले, ते सुटून आले.

पुढच्या वर्षी गावाने पाटाला दगडी बांध घातला. काम आठ दिवस चालले आणि आठही दिवस माणसे पोटभर जेवली. आदल्या वर्षीचा गहू मात्र कोणाला परत मिळाला नाही.

बोध: काळजी आपल्या हौसेप्रमाणे नव्हे, ज्याची घ्यायची त्याच्या स्वभावाप्रमाणे घ्यावी.