मागच्या हबचं मौन

फार वर्षांपूर्वी हौसाच्या शर्यतीच्या सायकलीला मागच्या चाकाच्या मधोमध, सगळ्या आऱ्या जिथे जुळतात तिथे, जुना पोलादी हब होता. पुढच्या चाकाला तिने नवा, हलका हब बसवला. दर रविवारी ती त्यालाच खोलून पुसायची, ग्रीस भरायची, कौतुक करायची. मागच्याचा जळफळाट व्हायचा.

एकदा ओढा ओलांडताना नव्यात वाळू शिरली. तो म्हणाला, "दादा, माझी बेअरिंग खरवडतेय. माझा आवाज तिला ऐकू जात नाही. तुझा पोलादी आवाज मोठा; तू जरा कुरकुर, म्हणजे ती थांबेल."

"बघेल की रविवारी," म्हणून मागचा गप्प राहिला.

घाटाच्या उतारावर पुढचं चाक अडकलं आणि हौसा आपटली. खरचटलेल्या हातांनी तिने मागचं चाक फिरवून पाहिलं.

"तू तरी धड आहेस ना रे?"

इतक्या वर्षांत तिने त्याची पहिल्यांदाच विचारपूस केली होती, आणि त्याला ती ऐकवेना.