हात वर येईपर्यंत

बसा पाव्हणं, बसा. मघाशी गोल झाला तेव्हा तुम्ही एकटेच ओरडलात आणि सगळं गाव वळून तुमच्याकडे बघायला लागलं, ते मनाला लावून घेऊ नका. आंबेघोळात पहिल्यांदा सामना बघायला आलेल्या माणसाचं असंच होतं. हे घोंगडं घ्या अंगावर. या मैदानावरची थंडी शहरातल्या स्वेटरला जुमानत नाही.

आता जरा मागे वळून वर बघा. डोंगराच्या उतारात बसवलेल्या या सात दगडी पायऱ्या. मुंगीला शिरायला जागा नाही, तरी सगळ्यात वरच्या पायरीवर मधोमध एक काळं घोंगडं अंथरलंय आणि त्यावर कुणीही बसलेलं नाही. बसायचंच नाही त्यावर. आणि फाटकावर तुमच्या पिशव्या तपासल्या ना? दारू शोधत नव्हते हो, गुलाल शोधत होते. आपल्या मुलखात दूध सोसायटीची निवडणूक जिंकली तरी रस्ता लाल होतो, पण या मैदानावर चिमूटभर गुलाल चालत नाही. गोल झाला की आरडाओरडाही नाही. ज्याच्यावर गोल झाला त्या गोलकीपरचा हात वर येईपर्यंत हे फुटबॉलवेडं गाव चिडीचूप बसतं. का, ते सांगतात ते ऐका.

नदीवरचा पूल बांधायला स्कॉटलंडकडचा एक साहेब आला होता म्हणे. मॅकफर्सन असं काहीतरी नाव होतं, लोकांनी त्याचा माकसाहेब केला. त्याच्या मुलखात मोठ्या शहरांचे नामांकित संघ वेगळे आणि खेड्यापाड्यांचे वेगळे. तिथं कपाचा सामना असला की सुतार, खाटीक, खाणीतले मजूर कामावरून सुटून तसेच मैदानात उतरतात आणि अख्खं गाव कुडकुडत कडेला उभं राहतं, असं तो सांगायचा. पौषातल्या एका संध्याकाळी नदीवरून धुकं वर चढताना बघून त्याला घरची आठवण आली. पूल पुरा झाल्यावर जाताना तो एक चांदीचा कप ठेवून गेला. अट एकच, सामना पौषातच आणि ऊन उतरल्यावर. नाहीतर इतक्या थंडीत दगडावर बसायची कुणाला हौस आहे?

कप आला तशी ईर्षा आली. नदीच्या अलीकडे आंबेघोळची वेताळ तालीम, पलीकडे कुरणीची नागोबा तालीम. आंबेघोळचा मायाप्पा म्हणजे पायात बिजली. कुरणीचा रवळू गोलात उभा राहिला की चेंडू आत जायला लाजायचा. आणि हौसा ही रवळूची सख्खी बहीण, मायाप्पाची बायको.

तिची दशा बघा. कप कुणीही जिंको, तिला एका घरात तोंड लपवावं लागायचं. इकडे आड, तिकडे विहीर. मायाप्पा आणि रवळू मात्र मजेत. दाजी-मेव्हण्याचं नातं, त्यात एक गोल मारणारा आणि दुसरा अडवणारा. थट्टेला काय तोटा!

"रवळू, यंदा तुझ्या तोंडाला गुलाल फासल्याबिगर सोडत न्हाई बघ," मायाप्पा म्हणायचा.

"आदी चेंडू आत घाला दाजी, मग गुलालाचं बोलू," रवळू म्हणायचा.

हौसा वरवर हसायची, पण सामन्याच्या दिवशी सकाळीच वेताळापुढं नारळ ठेवून सांगायची, "कोन बी जिंकू दे. दोघं बी आपापल्या पायानं घरला येऊ देत."

तिचा जीव रवळूत फार. लहानपणी आई शेतात गेली की रवळू डोहात बुड्या मारायचा आणि हौसा काठावर जीव मुठीत धरून उभी राहायची. तेव्हा तिनं त्याच्याकडून शपथ घेतली होती, बुडी मारली की वर येऊन आधी हात दाखवायचा, मग काय ते पोहायचं. ती सवय त्याला जन्माची लागली. मोठा झाला, मिशा फुटल्या, गोलात उभा राहू लागला, तरी चेंडूवर झेप टाकून पडला की उठायच्या आधी हात वर करायचा. लोकांना वाटायचं, गडी ऐट दाखवतोय. तो हात सातव्या पायरीसाठी होता. बायका तेव्हा सगळ्यात वर पदर घेऊन बसायच्या.

त्या वर्षी थंडीनं कहर केला होता असं सांगतात. चार वाजल्यापासूनच दव पडायला लागलं. घोंगड्या ओल्या झाल्या, हलगीचं कातडं सैल पडलं, ते शेकोटीवर धरून तापवावं लागत होतं. गुलालाची पोती उघडली तर आत गुलालाचा लगदा. धुकं इतकं दाट की या टोकाच्या गोलातलं त्या टोकाच्या माणसाला दिसेना. शेवटची काही मिनिटं राहिली तरी गोल नव्हता.

आणि मायाप्पाला चेंडू मिळाला. दोघांना चुकवून त्यानं फटका हाणला. रवळू उजवीकडे झेपावला, चेंडू त्याच्या बोटांना लागून आत गेला, आणि रवळूचं डोकं खांबावर आदळलं. तेव्हाचे खांब सागवानी, चौकोनी. रंधा मारून त्यांचे कोपरे गोल करावेत, एवढी अक्कल दोन्ही गावांत कुणाला सुचली नव्हती.

मग काय विचारता! हलगी कडाडली, आंबेघोळ पायऱ्यांवरून मैदानात लोटलं. कुरणीचे खेळाडू कुठं होते? ते पंचाला घेरून भांडत होते की चेंडू रेषेच्या आत गेलाच नाही. आपला गडी कुठं पडलाय ते त्यांनीही पाहिलं नाही. मायाप्पा मात्र पाहत होता. दिल्या शब्दाला जागायचं होतं ना! पोत्यातला मूठभर ओला गुलाल घेऊन तो पळत आला. रवळू पालथा पडलेला.

"रुसला व्हय रं मेव्हण्या?" असं म्हणून त्यानं तो सगळा गुलाल रवळूच्या डोक्याला, गालाला चोळला. हात ओला झाला. दवानं गुलाल भिजलाय, असं त्याला वाटलं. मागून पोरांनी त्याला खांद्यावर उचललं आणि वरात तालमीकडं निघाली.

वर सातव्या पायरीवर हौसा उभी होती. धुक्यात डोळे ताणून ती हाताची वाट बघत होती. हात आला नाही.

तिनं हाक मारली, "रवळू, हात वर कर!" हलगीपुढं ती हाक कुठली ऐकू जाणार? तिनं पुन्हा मारली. शेजारच्या बाया म्हणाल्या, "खाली बस गं, गडी हरलाय म्हणून रुसलाय." आणि इथं, पाव्हणं, हौसाचंही चुकलं. ती क्षणभर थांबली. सून माणूस, पुरुषांच्या गर्दीत मैदानात कशी उतरणार, लोक काय म्हणतील, असं तिच्या मनात आलं. तो क्षण तिला पुढं जन्मभर पुरला. मग मात्र पदर खोचून ती सातही पायऱ्या उतरली.

रवळूचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. तो कण्हला, तिला बघितलंही असेल. तिनं पदरानं गुलाल पुसला, आणि पुसला तितका तो परत येत राहिला. तेव्हा तिनं फोडलेला टाहो ऐकून कुरणीची माणसं पंचाला सोडून धावली.

इकडे तालमीपुढच्या शेकोटीवर मायाप्पा हात शेकत होता. सगळ्यांच्या हातावरचा गुलाल वाळून भुरभुर पडत होता. त्याच्या तळव्यावरचा पडेना, काळा पडत चालला. शेजारी तालमीचा म्हातारा वस्ताद बसला होता. त्यानं मायाप्पाचा हात धरून उजेडात नेला आणि वास घेतला.

"मायाप्पा," वस्ताद म्हणाला, "गुलाल वाळला की झडतो रं. हे रगत हाय."

मायाप्पा अनवाणी धावला. तालुक्याच्या डॉक्टरकडं निघालेली बैलगाडी त्यानं साहेबाच्या पुलावर गाठली. गाडी उभीच होती. घाई करायचं कारण उरलं नव्हतं. हौसानं त्याच्याकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "त्येनं हात वर केला न्हवता. तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

त्यानंतर वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, शब्द द्यायची नाही. ती रागावली असती तर मायाप्पाला बरं वाटलं असतं. तो रोज तळवा राखेनं घासायचा म्हणे, कातडं निघालं तरी घासायचा. कप तालमीच्या कोनाड्यात पडून राहिला, कुणी त्याच्यावरची धूळही पुसली नाही.

पुढचा पौष आला. कुणी म्हणालं, सामनाच बंद करा. कुणी म्हणालं, साहेबाचा शब्द मोडायचा का? कुरणीकडं तर गोलकीपरच नव्हता. रवळूच्या जागी उभं राहायला एकही गडी तयार होईना. तेव्हा एका सकाळी मायाप्पा डोक्याचं मुंडासं काढून सासऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"मामा, रवळूचा सदरा द्या. म्या उभा ऱ्हातो."

सासरा म्हणाला, "तुझ्या गावची पोरं तुझ्यावरच गोल मारतील. चालंल?"

"मारू देत."

सदरा सासूनं आणून दिला. धुऊन, घडी घालून ठेवलेला होता.

आंबेघोळात बोंब उठली. घरभेदी म्हणाले, बायकोचा बैल म्हणाले. मायाप्पानं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी कुरणीच्या गोलात जाऊन उभा राहिला. हौसा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती आली. त्याच पायरीवर, त्याच जागी घोंगडं टाकून बसली.

पहिल्या अर्ध्या तासातच आंबेघोळनं गोल मारला. मायाप्पा गोलात उभा राहायला शिकलेला गडी नव्हता. त्यानं वेडीवाकडी झेप घेतली, चेंडू गेला आणि तो पालथा पडला. सवयीनं गावानं ओरडायला तोंड उघडलं, आणि सातव्या पायरीवर हौसा उठून उभी राहिली.

आवाज गळ्यातच राहिला सगळ्यांच्या. हलगीवाल्याची काठी वरच्या वर थांबली. मायाप्पा हालेना. काही सांगतात त्याला मार लागला होता. काही सांगतात मार वगैरे काही नाही, तो मातीत तोंड खुपसून रडत होता, आणि उठावं असं त्याला वाटतच नव्हतं. हौसा त्याच्याकडं बघत उभी होती. वर्षाचं मुकेपण तिच्या ओठांवर होतं. तिनं ठरवलं असतं तर ती तशीच घरी गेली असती आणि गावानं तिला दोष दिला नसता.

"अवो," ती ओरडली, "हात वर करा!"

या खेपेला ती हाक कुरणीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. मायाप्पाचा हात वर आला. राखेनं सोललेला तो तळवा साऱ्या गावानं पाहिला. हौसा मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. वर्षभराचं सगळं रडली. बायांनी तिला धरलं. पंचानं शिट्टी वाजवली तरी खेळाडू बराच वेळ जागचे हलले नाहीत.

कुरणी त्या दिवशी चार गोलांनी हरली. चारही वेळा मायाप्पा पडला, आणि चारही वेळा हात वर येईपर्यंत गाव गप्प बसलं. सामन्यानंतर दोघं कुरणीला सासऱ्याकडं जाऊन पुलावरून बोलत घरी आली असं सांगतात. काय बोलली, ते कुणालाच ठाऊक नाही. विचारायची हिंमतही कुणाची झाली नसेल. पुढं दहा वर्षं मायाप्पा कुरणीच्याच गोलात उभा राहिला, आणि शेवटपर्यंत त्याला ते काम काही नीट जमलं नाही.

आजही पौषात इथं कप खेळतात. गोलाचे खांब आता लोखंडी आणि बिनकोपऱ्याचे आहेत. बाहेरगावचे गोलकीपर येतात, कुणी कोल्हापूरचा, कुणी बेळगावचा. सामन्याआधी गुरव त्यांना सातव्या पायरीवरचं ते घोंगडं दाखवतो आणि सांगतो, पडलास की आधी तिकडं हात कर बाबा. गोल झाला की आजही एवढं गाव श्वास रोखून बसतं. हात वर आला की वरच्या पायरीवरची कुणीतरी बाई "हाय गं, गडी हाय!" असं ओरडते, आणि मगच हलगी वाजते.

तेव्हा पाव्हणं, आता गोल झाला की चेंडूकडं बघू नका. तो आत गेलाच आहे, पळून जात नाही. खाली पडलेल्या त्या गड्याकडं बघा.