अनोळखीचा माळ

कोंढारवाडीच्या वेशीबाहेर एक उघडाबोडका माळ आहे. त्यावर एक खुंटा आणि एक दगडी डोण, बाकी काही नाही. गावात नवं जनावर आणलं की एकवीस दिवस ते इथेच बांधतात. तोवर त्याला कुणी ओवाळत नाही, नाव देत नाही. आल्यागेल्याला सुभान आजोबा ही हकीकत सांगतात, तीही बसूनच. उभं राहून सांगायचं त्राण आता त्यांच्यात उरलेलं नाही.

पूर्वी म्हणे इथली रीत अगदी उलटी होती. नवा बैल आला की त्याला दारोदार फिरवायचे. घरोघरची बाई त्याला घास भरवायची आणि आपल्या गोठ्यातल्या डोणीतलं पाणी पाजायची. एकदा येसू नावाच्या बाईनं बाजारातून बैल आणला. त्याचे डोळे सारखे पाझरत होते. येसूला वाटलं, बिचाऱ्याला जुनं घर आठवतंय. तिनं बायांना सांगितलं, याला दोन घास जास्तच भरवा. बायांनी लाडही तसेच केले.

ती बुळकांडी होती, गुरांची जीवघेणी साथ. पंधरवड्यात गोठेच्या गोठे ओस पडले. लांबच्या रानात चरायला गेलेली एक गाभण कालवड तेवढी वाचली. येसूला कुणी शब्दानं बोललं नाही, आणि नेमकं तेच तिला सोसवेना.

पुढच्या पेरणीला तिच्या भावानं माहेरचा एक बैल दिला. गाव त्याच्याच आशेवर होतं. येसू बैल घेऊन आली खरी, पण वेशीत शिरली नाही. माळावर खुंटा ठोकून तिथेच बसली. भाकरी लांब दगडावर ठेवून माघारी जा, असं तिनं सगळ्यांना बजावलं. दिवस गेले, वापसा मोडायला आला, पेरणीजोगी ओल सरू लागली, माणसं चिडली. बाराव्या दिवशी बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"येसूवैनी, घर आठवतंय त्येला," एक बाई लांबूनच म्हणाली. "आना की आत."

"मलाबी तसंच वाटलं व्हतं," येसू म्हणाली. "त्येला वळखू नका. एकवीस दीस कुनीच वळखू नका."

सोळाव्या दिवशी बैल गेला. खड्डा तिनं एकटीनंच खणला, दावंही जाळून टाकलं. त्याच आठवड्यात गावात कालवड व्याली. वासरू बघायला चल म्हणून बोलावणं आलं, तरी ती जागची हलली नाही. तिला जावंसं फार वाटलं होतं, असे सांगतात. पण एकवीस दिवस भरल्यावरच, ओढ्यावर न्हाऊन ती वेशीत आली. त्या वर्षी माणसांनीच औत ओढलं. गावातली आजची गुरं त्या एका कालवडीच्या वंशाची, असं म्हणतात.

आता लस टोचणारे डॉक्टर येतात, गाव गुरांना टोचूनही घेतं, पण माळ काही सुटलेला नाही. सुभान आजोबांच्या मागे अठरा दिवसांपूर्वी आणलेली एक गाय बांधलेली आहे. पाहुणे दिसले की ती मान लांब करते. कुणी गोंजारायला हात पुढे केला की आजोबा थकल्या आवाजात म्हणतात, "अजून वळखू नका तिला. तीन दीस ऱ्हायलेत."